तळाच्या फळीवरचं नाव

आष्ट्याचा नाथाजी शनिवारी सकाळी कुपवाडला निघाला तो लाकडी पेटी करायला शिकायला. बायकोनं डब्यात चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. अंकिता, त्याची लेक, गाडीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, तिथं फक्त पेटी करा. गोष्टी नका करू."

"आगं, मी कवा गोष्टी करतो?" नाथाजी म्हणाला आणि किक मारून निघाला.

आता हा प्रश्न आष्ट्यात कुणालाही विचारला असता तर उत्तर द्यायला अर्धा गाव गोळा झाला असता. नाथाजी सतरा वर्षं मिलिटरीत होता हे खरं. पण तो होता भटिंड्याला, पाण्याच्या टँकरवर. बर्फ त्यानं पाहिला तो सरबताच्या गाड्यावर. तरीही पारावर बसून तो बर्फातली चौकी अशी सांगायचा, की मे महिन्यात ऐकणारे उपरणं अंगाभोवती ओढून घ्यायचे. त्यात वाईट काही नव्हतं. कुणाचं त्यानं नुकसान होत नव्हतं. निदान त्या शनिवारपर्यंत तरी नाही.

अंकिताचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. रुखवतात तिला फ्रिज-कपाट नको होतं. तिनं मोबाइलवर कुठल्या तरी परक्या देशातल्या जुन्या पेट्या पाहिल्या होत्या. सात-आठशे वर्षांपूर्वी देवळांत आणि गढ्यांत असायच्या त्या. सहा जाड फळ्या, लोखंडाचा एक खिळा नाही, बाजूच्या दोन फळ्या खाली उतरून पेटीचेच पाय झालेल्या, झाकण लाकडाच्या खुंट्यांवर फिरणारं. तसली पेटी, आणि तीही आप्पांच्या हातची. कुपवाडला एमआयडीसीत एक बाई लोकांना जमवून असल्या पेट्या करायला शिकवते, दोन शनिवार आणि दोन रविवार, हेही तिनंच शोधलं होतं.

ती बाई म्हणजे उत्कर्षा. वय पस्तिशीचं, केस वर बांधलेले, कानामागं पेन्सिल. एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड तिनं घेतली होती. शेजारच्या फाउंड्रीला शनिवार-रविवार सुट्टी असायची, त्यामुळं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आत कडुनिंबाच्या फळ्यांची थप्पी, त्यांचा कडसर वास, वर फिरणारे दोन मोठे पंखे आणि पत्र्यातल्या भोकांतून जमिनीवर पडलेले उन्हाचे रुपये. शिकायला पाच जण होते. मिरजेचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको, सांगलीचा राजवर्धन नावाचा तरुण इंजिनिअर, कोरेगावच्या शाळेत शिकवणाऱ्या आणि या कामापुरत्या सांगलीत बहिणीकडं उतरलेल्या संयोगिताबाई, आणि नाथाजी.

उत्कर्षाच्या मदतीला होता अर्जुना मिस्त्री. जतकडचा, सत्तरीला टेकलेला. हत्यारं त्याची. बोलायचा कमी, पण अकराच्या सुमाराला, लाकडं दाखवून झाल्यावर, पहिलं तोच बोलला.

"करवतीला हात लावायच्या आदी एक काम. पेटी कुणासाठी करताय, त्येचं नाव तळाच्या फळीवर आतल्या अंगाला लिवा. आमच्या बापाची रीत हाय. बिननावाची पेटी आमी करत न्हाई."

"का हो मिस्त्री?" राजवर्धननं विचारलं.

"मोकळी जागा हाय गड्या. नाव नसंल तर कुनीबी म्हनंल, माझी हाय."

उत्कर्षा हसली. म्हणाली, "चला, सांगूया एकेकानं. कुणासाठी आणि का."

इथंच घोटाळा झाला. संयोगिताबाईंनी सांगितलं, आई गेली, तिच्या साड्या अजून तिच्या वासाच्या आहेत, त्या ठेवायला पेटी. डॉक्टरांची बायको डोळे पुसू लागली. राजवर्धननं आजोबांची पदकं सांगितली. डॉक्टरांनी सांगितलं त्यांचं एक मूल राहिलं नाही, त्याची दुपटी. शेडमध्ये सगळे एकदम जवळचे झाले. आणि मग सगळ्यांनी नाथाजीकडं पाहिलं.

पोरीच्या रुखवताला, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण दुसऱ्याची गोष्ट आपल्या गोष्टीपेक्षा चांगली झाली की नाथाजीला राहवायचं नाही. रुखवत त्या मेलेल्या आईपुढं आणि त्या दुपट्यांपुढं किती किरकोळ दिसलं असतं! त्यानं मान खाली घातली. आणि मग हळू आवाजात म्हणाला, "माझी एक आक्का होती."

झालं. एकदा तोंड उघडल्यावर गोष्ट आपसूक येत गेली. रंगूआक्का, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्नात काही नको म्हणाली, फक्त माहेरच्या लाकडाची एक पेटी मागितली. बापानं दिली नाही. आक्का हळदीच्या अंगानं घरातून निघाली आणि बांधावरच्या विहिरीत… नाथाजी थांबला. लोकांना ताटकळत ठेवणं ही त्याची खरी कला. "तवापासनं," तो म्हणाला, "भर दुपारी बाराला घरात वल्या हळदीचा वास सुटतो. दारावर तीनदा टकटक होतं. आन् ती इचारती, नाथा… झाली का रं माझी पेटी?"

पंख्यांचा आवाज तेवढा होता. उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी होतं. संयोगिताबाई मात्र त्याच्याकडं टक लावून बघत होत्या, कपाळाला बारीक आठी घालून.

मिस्त्रीनं जाड पेन्सिल पुढं केली. नाथाजीनं ती घेतली, आणि गोष्टीला कळस हवा म्हणून तळाच्या फळीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: कै. रंगूबाई.

आता तुम्हाला खरं सांगायला हवं. रंगूआक्का जिवंत होती. तिचं लग्न थाटात झालं होतं, कोरेगावात तिचा संसार झाला होता, नवरा गेल्यावर ती तिथंच एकटी राहत होती, मुलगा पुण्याला. यातला पेटीचा तुकडा तेवढा खरा. चौदा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा नाथाजीनं तिच्याकडून हक्कसोड करून घेतली. तिच्या वाटणीचं उसाचं रान तिनं हसत सोडून दिलं. म्हणाली, "मला जमीन नको बाबा. बांधावरचा शिसव कवा पाडलास, तर त्येची एक पेटी करून दे. म्हायेरची म्हनून." नाथाजी हो म्हणाला. शिसव पाडला, विकला. पुढं दिवाळीला आक्का आली आणि पाहुण्यांदेखत तिनं पेटीचं विचारलं, तेव्हा त्यानं जे उत्तर दिलं ते उत्तर त्यानं आजपर्यंत कुठल्याच गोष्टीत सांगितलं नव्हतं. त्या दिवाळीनंतर आक्का आष्ट्याला आली नाही. अकरा वर्षं झाली. अंकिताच्या लग्नाची पत्रिकाही तिला गेली नव्हती.

पेन्सिल खाली ठेवली आणि बाराच्या ठोक्याला लाइट गेली.

पंखे हळूहळू मंद होत थांबले. पत्र्याच्या शेडमध्ये पंखे थांबले की जी शांतता होते ती कानात भरते. बाहेर ऊन असं उभं होतं, की गल्लीतलं कुत्रंही सावलीला जाऊन गप्प झालं होतं. आपल्याकडं भर दुपारचे बारा म्हणजे मध्यरात्रीइतकीच वाईट वेळ. आणि त्या शांततेत फळ्यांच्या थप्पीमागून आवाज आला.

टक्. टक्. टक्.

मोगरी लाकडावर पडते तसा नव्हे. भरल्या हाताची बाई दार वाजवते तेव्हा बोटांमागून बांगड्याही येतात, तसा.

डॉक्टरीणबाई किंचाळल्या. मग राजवर्धन हसला, "काका, भारी! कसं केलंत?" सगळे हसले. नाथाजीही हसला, कारण तो चावटपणा राजवर्धननंच केला असणार याची त्याला खात्री होती. पण हसता हसता त्याच्या नाकात वास शिरला. कडुनिंबाच्या कडसर वासाखालून येणारा, दमट, पिवळा. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. बाकी कुणाला तो आल्याचं दिसत नव्हतं.

लाइट आली ती साडेबाराला.

रविवारी अकराला चहा झाला. नाथाजी स्टुलावर बसून दुसऱ्या गोष्टीची तयारी करत होता, तेवढ्यात संयोगिताबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज त्यांनी हळूच ठेवला होता. पण बाकीचे गप्प झाले.

"नाथाभाऊ, तुमच्या आक्कांचं सासर कुठलं?"

"सासर कुठलं आलं, बाई. सांगितलं की काल…"

"आमच्या गल्लीत एक रंगूआक्का आहेत. माहेर आष्ट्याचं. भाऊ मिलिटरीत होता, नाव नाथा. शुक्रवारी मी त्यांच्याकडून मेथीच्या दोन जुड्या आणल्या."

"दुसऱ्या कुनी असतील. आष्टा मोठं हाय."

संयोगिताबाईंनी मोबाइल पुढं धरला. संक्रांतीचा फोटो. आक्का तिळगूळ हातात घेऊन हसत होती, आणि तिचं नाक, तिची हनुवटी, एका डोळ्यावरची भुवई किंचित वर… सगळी नाथाजीचीच. मोबाइल हातोहात फिरला. डॉक्टरांनी फोटो पाहिला, मग आपला चहाचा कप उचलला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

"काका," उत्कर्षा म्हणाली, "काल घरी जाऊन मी आईला तुमची गोष्ट सांगितली. दोघी रडलो हो आम्ही."

राजवर्धन म्हणाला, "आता पुढचा नंबर कुणाचा आहे काका? आमच्यातलं कुणी मारायचं ठरलंय का?"

नाथाजी हसायला गेला. हसू आलं नाही. कान तापले, मान तापली, हातातला कप कुठं ठेवावा कळेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ पुढचं वाक्य नव्हतं. आक्काचा तो हसरा फोटो आणि डॉक्टरांची ती पाठ, यांच्यामध्ये तो नुसता बसून राहिला.

मग उठून मिस्त्रीजवळ गेला. "मिस्त्री, त्ये नाव खोडायचं हाय. अंकिताचं लिवतो."

मिस्त्रीनं त्याच्याकडं पाहिलं. "जित्या मानसापुढं कै. लिवलंस?"

नाथाजीनं मान हलवली.

"रबरानं न्हाई जायचं. रंधा मार."

रंधा मारायचा तर फळी पुढं सरकू नये म्हणून पलीकडच्या टोकाला जोडीदारानं ती दाबून धरावी लागते. नाथाजीच्या जोडीला संयोगिताबाई होत्या. त्या आपल्या फळीपाशी पाठ करून उभ्या होत्या. त्यानं कुणाला हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार? एकट्यानंच फळी मेजावर टाकली, रंधा धरला आणि दाब दिला. फळी सरकणारच होती.

सरकली नाही.

रंधा सर्रकन गेला. लाकडाची कुरळी साल वर आली. नाथाजीनं दुसरा हात मारला. फळी जागच्या जागी. कुणीतरी पलीकडून ती पक्की धरावी, तशी. त्यानं मान वर करून पाहिलं. पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतं. पण त्या टोकापाशी जमिनीवरचा भुसा दोन पावलांएवढा बाजूला झालेला होता. घड्याळात बारा वाजायला आले होते.

"मिस्त्री…" नाथाजी म्हणाला. आवाज त्याच्या स्वतःच्याच कानापर्यंत पोचला नाही. थांबावं तर सगळ्यांसमोर ते नाव फळीवर तसंच राहणार. त्यानं तिसरा हात मारला, चौथा मारला. प्रत्येक हाताला पलीकडून बारीक किणकिण व्हायची. बांगड्यांची. पाचव्या हाताला जी साल निघाली ती अखंड निघाली आणि त्याच्या मनगटाभोवती गुंडाळली गेली. तिच्यावर अक्षरं होती. रंगूबाई. पूर्ण, न तुटता.

त्यानं फळीकडं पाहिलं. नाव गेलं होतं. त्याच्या आधीचं "कै." मात्र जसंच्या तसं होतं. उलट पहिल्यापेक्षा काळं. त्याच्यापुढं स्वच्छ, गुळगुळीत, मोकळी जागा.

नाथाजीनं पुन्हा रंधा उचलला, तोच मिस्त्रीनं त्याचं मनगट धरलं.

"बास. आता हात लावू नगंस. नाव निघालं, कै. ऱ्हायलं. लय वंगाळ झालं."

"मग काय करू?"

"ती कुटं ऱ्हाती, तितं जा. ज्या तोंडानं मारलंस त्याच तोंडानं चारचौघांत सांग, की ती हाय म्हनून. काय झाकून ठिवून न्हाई. सगळं सांग."

"सगळं?"

"सगळं. ज्ये आमाला बी सांगितलं न्हाईस, त्ये."

मिस्त्रीला ते कसं कळलं, हे नाथाजीनं विचारलं नाही.

सोमवारी पहाटे बायकोला काही न सांगता तो निघाला. कराड मागं पडलं, रहिमतपूर मागं पडलं. वाटेत दोनदा गाडी थांबवली. एकदा परत फिरण्यासाठी, आणि एकदा कोरेगावात लोक आक्काच्या दाराशी जमलेले दिसले तर काय करायचं, हे ठरवण्यासाठी. आक्काची गल्ली अकरा वर्षांनीही लगेच सापडली. दाराशी कुणी जमलेलं नव्हतं. आक्का उंबऱ्यात बसून पिशवीचा बंद शिवत होती.

नाथाजी गाडीला धरून उभा राहिला.

आक्कानं डोळे बारीक केले. "कोन? नाथा? आरं… कोन मेलं काय?"

"न्हाई आक्का. कोन न्हाई."

"मग असा अचानक? थांब, पोरीचं लगीन हाय म्हनं. पत्रिका आनलीस व्हय?"

पत्रिका त्यानं आणली नव्हती. ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं खिसे चाचपल्यासारखं केलं. आक्का ते बघत राहिली आणि मग तिनंच विषय बदलला. तेही त्याला लागलं.

"चा टाकते. पर आदी माझ्यासंगं रेशनाच्या दुकानात चल. तू मिल्ट्रीतला, मशिनीतलं तुला कळतं. कालपासनं माझ्या हाताला काय झालंय बग." तिनं तळवा पुढं केला. "काल दुपारी भाकरी थापाय बसले, तर पिठावर बोटच उमटंना. आयुष्यभर थापतीया, असं कवा झालं न्हाई."

नाथाजीनं तिचा हात हातात घेतला. तळवा म्हातारीचाच होता, भेगांचा. पण पाचही बोटांची टोकं गुळगुळीत होती. एक रेष नाही. रंध्याखालून नुकत्याच निघालेल्या फळीसारखी. त्यानं हात नाकाजवळ नेला नाही. तरीही त्याला कडुनिंबाचा वास आला.

"कवापासनं म्हनलीस?"

"काल. बारा वाजता असतील."

रेशन दुकानापुढं आठ-दहा जणांची रांग होती. दुकानदार केरबा ओळखीचा, आक्काला पुढं घेतलं त्यानं. आक्कानं यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला. यंत्र लाल झालं. पुसून पुन्हा ठेवला. लाल. दुसऱ्या हाताचा ठेवला. लाल.

"आज्जी," केरबा म्हणाला, "मशीन म्हनतंय, असं मानूसच न्हाई."

रांगेत हशा झाला. "रंगूआक्का, आदी दाखला काढ, जिती असल्याचा!" मागून एकजण ओरडला. आक्काही हसली. पण तिनं तो अंगठा दुसऱ्या हातात गच्च धरला होता, थंडी वाजल्यावर धरतात तसा. "नाथा," ती म्हणाली, "असं कशानं व्हत असंल रं?"

नाथाजीजवळ एका क्षणात तीन उत्तरं तयार झाली. उन्हानं होतं. साबणानं होतं. भटिंड्यात एका सुभेदाराचं असंच झालं होतं. ती तिन्ही त्याच्या जिभेवर येऊन बसली. त्यानं ती गिळली. आणि रांगेकडं तोंड करून म्हणाला,

"माझ्यामुळं झालंय. म्या हिला मारलीया."

हशा थांबला.

त्यानं सगळं सांगितलं. कुपवाडची शेड, लोकांच्या गोष्टी, आपली गोष्ट मागं पडू नये म्हणून आक्काला ढकललं ती विहीर, फळीवर लिहिलेलं नाव. सांगताना त्याला कळत होतं, की ही गोष्ट त्याला नीट सांगता येत नाहीये. शब्द अडत होते, क्रम चुकत होता. कुणी भारावून ऐकत नव्हतं. एक बाई पदर तोंडाला लावून त्याच्याकडं, रस्त्यावर काही घाण पडलेली असावी, तशी बघत होती.

आक्का शांतपणे ऐकत होती. "हळदीच्या अंगानं व्हय?" तिनं मध्येच विचारलं. "इतक्या लहानपनी मारलंस? माझं पोरगं बी मग झालंच न्हाई म्हन की."

"अजून हाय आक्का," नाथाजी म्हणाला. "ह्याच अंगठ्यावर हिच्या वाटणीचं रान म्या घेतलं. बदल्यात हिनं एक पेटी मागितली. दिवाळीला पावन्यांदेखत हिनं आठवन केली, तवा म्या म्हनलो… म्या म्हनलो, पेटी काय करतीस, मेल्यावर देतो की लाकूड. सरनाला कमी पडू देनार न्हाई."

केरबानं तराजूवरचा हात खाली घेतला.

आक्कानं हातातली पिशवी घट्ट गुंडाळली. मग म्हणाली, "मला वाटलं हुतं, तू त्ये बोलून इसरला असशील. पुरुषाची जात, बोलतं आन् इसरतं. ह्याच आशेवर अकरा दिवाळ्या काढल्या म्या." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "ध्यानात हुतं व्हय रं तुझ्या? ध्यानात असून बी आला न्हाईस?"

नाथाजी खाली वाकला, आणि रेशन दुकानाच्या त्या गव्हाच्या धुळीत, आठ-दहा अनोळखी माणसांसमोर त्यानं आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. बावन्न वर्षांच्या माणसाला रडताना ऐकणं बरं वाटत नाही. लोक दुसरीकडं बघू लागले.

"ऊठ," आक्का म्हणाली. तिचा आवाजही ओला होता. "ऊठ, नाटक्या. हळदीला येते मी. पत्रिका नगं मला." आणि मग पोरीसारखी हट्टानं केरबाला म्हणाली, "आन रं ती मशीन हिकडं."

तिनं अंगठा काचेवर टेकवला. यंत्रानं जरा वेळ घेतला. मग टुंग असा आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला.

रांगेतल्या बाया एकदम बोलू लागल्या. मघाशी ओरडलेला माणूस नाथाजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "उठला बगा पावनं, अंगठा उठला!" नाथाजीनं आक्काचा हात धरला, तिची बोटं उन्हाकडं करून पाहिली. बारीक, फिकट, पण रेषा होत्या. त्याच्या छातीवरून कुणी तरी फळी उचलल्यासारखं झालं. तो हसला. आक्कानं पिशवीचं तोंड उघडून केरबापुढं धरलं.

केरबा धान्य मापायला उठला नाही. तो पडद्याकडं बघत होता.

"काय झालं?" आक्का म्हणाली. "हिरवं झालं न्हवं?"

"झालं आज्जी. तुमीच हाय, त्यात वाद न्हाई. पर…" त्यानं यंत्र उन्हातून सावलीत घेतलं आणि पुन्हा वाचलं. "ह्या महिन्याचं तुमचं धान्य उचललंय."

"कुनी? म्या तर आज आले."

"कार्डावर तुमच्याबिगर दुसरं नावच न्हाई. आन् अंगठा लागल्याबिगर मशीन धान्य सोडत न्हाई. हल्ली कुठल्याबी गावात उचलता येतंय, पर मानूस सोता जावं लागतं." केरबाचा आवाज उतरला. "गहू, तांदूळ, समदं घेतलंय. शनिवारी. बारा वाजून सात मिन्टांनी."

"कुटं?" हे नाथाजीनं विचारलं. विचारायच्या आधीच त्याला ते कळलं होतं.

"कुपवाडला."

आक्का पिशवीचं तोंड तसंच उघडं धरून उभी होती. तिनं आपल्या अंगठ्याकडं पाहिलं, मग भावाकडं. दुपार अजून व्हायची होती, ऊन कोवळं होतं, आणि तरीही तिच्या अंगावर शहारा आलेला नाथाजीला दिसला.

"नाथा…" ती अगदी हळू म्हणाली. "मी तर हितं हाय. मग तितं माझ्या नावानं चूल कोन पेटवतंय रं?"